आधी जेल, मग कण: सोलापूरच्या प्रयोगशाळेत क्युबोसोम कसे बनवावेत

दर वर्षी प्रोजेक्ट सुरू झाला की एम.फार्म.चं कुणी ना कुणी हातात दुधाळ व्हायल घेऊन येतं आणि म्हणतं, "मॅडम, साइझ १८० नॅनोमीटर, पीडीआय ०.१८. क्युबोसोम झाले." (पीडीआय म्हणजे कणांच्या आकारात किती कमीजास्तपणा आहे त्याचा आकडा. क्युबोसोम म्हणजे औषध वाहून नेणारे लिपिडचे सूक्ष्म कण, ज्यांच्या आत क्युबिक, म्हणजे तिन्ही दिशांना सारखी, जाळी असते.) मी एकच विचारते: आत क्युबिक रचना आहे हे कशावरून? साइझच्या यंत्राला कणाचा आकार कळतो, त्याच्या पोटात काय आहे ते कळत नाही. लायपोसोमही, म्हणजे लिपिडच्या पोकळ पिशव्या, १८० नॅनोमीटरचे निघतात, साधं इमल्शनही निघतं. थिसिसमध्ये शीर्षकापासून निष्कर्षापर्यंत "क्युबोसोम" लिहायचं आणि क्युबिक रचनेचा एकही पुरावा द्यायचा नाही, ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की हा लेख मुळात त्याच एका गोष्टीसाठी लिहिते आहे. कृती पूर्ण देते, पण प्रत्येक टप्प्यावर तोच प्रश्न विचारत जाऊ.

उदाहरण म्हणून औषध घेतलंय कर्क्युमिन. आपल्या शेजारी सांगलीला हळदीची एवढी मोठी बाजारपेठ आहे म्हणून नव्हे, तर ते पिवळं आहे म्हणून. चुका डोळ्यांना दिसतात. औषध लिपिडमध्ये नीट विरघळलं नाही, तळाला बसलं, पाण्यात उतरलं, तर रंग लगेच सांगतो. शिकायला याहून चांगलं औषध नाही. त्याचा त्रासही आहे, तो पुढे येईलच.

रेणू पाचरीसारखा का लागतो

मोनोओलिन, म्हणजे ग्लिसेरिल मोनोओलिएट, या लिपिडचं पाण्यात राहणारं डोकं छोटं असतं आणि तेलकट शेपटी मधल्या दुहेरी बंधामुळे वाकलेली, पसरट असते. त्यामुळे रेणूचा आकार पाचरीसारखा होतो. शेपटीचं आकारमान भागिले (डोक्याचं क्षेत्रफळ गुणिले शेपटीची लांबी), हा आकडा १ च्या आसपास असला की लिपिडचे सपाट थर लागतात. तो १ च्या वर गेला की थर पाण्याच्या बाजूला वळायला लागतात. मोनोओलिनमध्ये हा थर वळत वळत त्रिमितीय जाळी होतो आणि तिच्यात पाण्याचे दोन स्वतंत्र बोगदे तयार होतात, एकमेकांना कुठेही न भेटणारे. पाण्याने तृप्त झालेल्या अवस्थेत या बोगद्यांचा व्यास साधारण ५ नॅनोमीटर असतो.

सोलापुरी चादर समोर धरा. जॅकार्डच्या मागावर नक्षीचा एक तुकडा ठरावीक अंतरावर परत येतो, लांबीत येतो तसा रुंदीतही. क्युबिक जाळीत हेच तीन दिशांना होतं. परत येण्याचं अंतर मोनोओलिनच्या डायमंड प्रकारच्या जाळीत साधारण १० नॅनोमीटर असतं. एकेक रेणू मात्र जागेवर खिळलेला नसतो, द्रवासारखा सरकत राहतो. नक्षी कायम आणि धागे हलते, म्हणून नाव द्रव-स्फटिक.

स्वीडनचे कोरे लार्सन यांनी १९८० च्या दशकात या जाळीचा पाठपुरावा केला आणि तिचे पाण्यात पसरलेले कण म्हणजे क्युबोसोम ही कल्पना तिथून रुजली. हे शक्य होतं ते मोनोओलिनच्या एका स्वभावामुळे. पाणी सुमारे ४० टक्क्यांवर गेलं की त्याचं पोट भरतं. वरचं पाणी ते घेत नाही, विरघळतही नाही, जाळी तशीच ठेवून पाण्याशेजारी बसतं. म्हणून तिचे तुकडे करून पाण्यात तरंगत ठेवता येतात.

खरेदी: बाटलीवरचं नाव पुरेसं नाही

"ग्लिसेरिल मोनोओलिएट" या नावाने बाजारात बेकरीत वापरायचा इमल्सिफायरही मिळतो. त्यात मोनोग्लिसराइड कधी ४० टक्क्यांच्या घरात असतं आणि उरलेलं बहुतेक डायग्लिसराइड. डायग्लिसराइडची पाचर आणखी रुंद असते, त्यामुळे क्युबिक जाळीच्या जागी हेक्सागोनल रचना (षटकोनी मांडणीत लागलेल्या नळ्या) किंवा नुसतं तेल हाती येतं. मग मुलं पोलोक्झामर (कण एकमेकांना चिकटू न देणारा पॉलिमर) बदलत बसतात, सोनिकेशनची (ध्वनिलहरींनी कण फोडण्याची) वेळ बदलत बसतात, आणि दोष पहिल्या दिवशीच बाटलीत असतो. पुरवठादाराकडून बॅचचं विश्लेषण प्रमाणपत्र मागा आणि मोनोएस्टरचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर आहे का ते बघा. हा फोन केल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

बाटली उणे २० अंशांवर ठेवा. बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, तासभर बंदच राहू द्या, नाहीतर हवेतला दमटपणा आत दव धरतो. उघडल्यावर वास घ्या. जुन्या शेंगदाण्यासारखा खवट वास आला तर लिपिडचं ऑक्सिडेशन झालंय, ती बाटली मोजमापाच्या कामाला घेऊ नका.

दुसरा पर्याय फायटँट्रिऑल. ते सौंदर्यप्रसाधनांत वापरलं जातं. त्यात एस्टर बंध नाही, त्यामुळे पाण्याने किंवा लायपेझने (चरबी तोडणाऱ्या एन्झाइमने) ते तुटत नाही. शुद्धतेनुसार साधारण ४४ ते ६० अंशांदरम्यान ते क्युबिकमधून हेक्सागोनल होतं. हा आकडा लक्षात ठेवा. मे महिन्यात आपल्याकडे बाहेर ४३ अंश असतात आणि उन्हात उभ्या गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त.

पोलोक्झामर ४०७ नेहमीचंच. पाणी मात्र नळाचं किंवा बोअरचं नकोच, घरच्या आरओचंही नको. आपल्या भागातल्या पाण्यात क्षार भरपूर आहेत आणि ते झीटा पोटेन्शियलचे, म्हणजे कणांवरच्या विद्युतभाराचे, आकडे बिघडवतात. दोनदा ऊर्ध्वपातित केलेलं पाणी ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून घ्या. शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं तेव्हा डिस्टिलेशन युनिटही बंद पडतं, म्हणून काचेच्या झाकणबंद बाटल्यांत आठवड्याचं पाणी आधीच भरून ठेवायची आमच्याकडे सवय आहे.

टप्पा पहिला: जेल

हा टप्पा जवळपास सगळे गाळतात. मी गाळू देत नाही.

मोनोओलिनचा वितळणबिंदू ३६-३७ अंश. ते ४५ अंशांवर वितळवा आणि ६०० मिलिग्रॅम एका लुअर-लॉक सिरिंजमध्ये घ्या. दुसऱ्या सिरिंजमध्ये ४०० मिलिग्रॅम पाणी. दोन्ही सिरिंज मेडिकलमध्ये मिळणाऱ्या थ्री-वे स्टॉपकॉकला समोरासमोर जोडा, हवा काढून टाका आणि एक दट्ट्या दाबत सगळा माल पलीकडे ढकला, मग पलीकडून अलीकडे. पहिल्या दहा-पंधरा फेऱ्यांत आत पांढरं, फाटल्यासारखं दिसतं. त्यानंतर माल घट्ट होत जातो, अंगठा दुखायला लागतो, आणि पन्नास-शंभर फेऱ्यांच्या दरम्यान सिरिंजच्या मध्यातून पांढरेपणा ओसरून काचेसारखं स्वच्छ दिसायला लागतं. हा क्षण प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या हाताने अनुभवावा असं मला मनापासून वाटतं. तेल आणि पाणी, दोन्ही वाहणारी, एकत्र आल्यावर वाहायची थांबतात. आत काय घडलं असेल हे पुस्तकातल्या आकृतीपेक्षा दट्ट्यावरच्या अंगठ्याला जास्त लवकर कळतं.

ही जेल छोट्या व्हायलमध्ये काढून २५ अंशांवर २४ ते ४८ तास ठेवा. मग तीन गोष्टी बघा. व्हायल उलटी केली तर जेल सरकता कामा नये. ती पारदर्शक असली पाहिजे. आणि ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ती पूर्ण काळी दिसली पाहिजे, कारण क्युबिक जाळी सगळ्या दिशांना सारखी असते. सपाट थरांची रचना असेल तर तेलकट पट्टे किंवा चमकते क्रॉस दिसतील आणि हेक्सागोनल असेल तर पंख्यासारखी नक्षी. असा सूक्ष्मदर्शक नसेल तर पोलरायझिंग फिल्मचे दोन तुकडे काटकोनात धरा, मधे व्हायल ठेवा आणि मागून मोबाइलचा टॉर्च लावा. व्हायल उजळली तर ती क्युबिक नाही.

काळी, पारदर्शक आणि वाहणारी असेल तर तीही क्युबिक नाही, नुसतं मायसेलचं (रेणूंच्या सुट्या पुंजक्यांचं) द्रावण आहे. घट्टपणा आणि काळेपणा दोन्ही एकत्र हवेत.

आता हेच औषधासह करा. १ ग्रॅम वितळलेल्या लिपिडमध्ये ५ मिलिग्रॅम कर्क्युमिन, अंधारात, ढवळत, डोळ्यांना कण दिसेनासे होईपर्यंत. एक थेंब स्लाइडवर घेऊन थंड होऊ द्या आणि स्फटिक चमकतात का बघा. चमकले तर प्रमाण कमी करा. मग औषधाची आणि बिनऔषधाची जेल शेजारी शेजारी ठेवून तुलना करा. औषधाचे रेणूही थरांत शिरून पाचरीचा आकार बदलतात, आणि काही औषधं एवढ्यानेही जाळी पालटवतात. हेक्सागोनल मुद्दाम हवं असेल तर थोडं ओलिइक आम्ल किंवा व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट घालतात. त्या कणांना हेक्सोसोम म्हणतात आणि कृती जवळपास हीच.

टप्पा दुसरा: जेलचे कण

२० ग्रॅमची बॅच धरू. मोनोओलिन १ ग्रॅम, कर्क्युमिन ५ मिलिग्रॅम, पोलोक्झामर १२० मिलिग्रॅम, उरलेलं पाणी. म्हणजे लिपिड ५ टक्के आणि पोलोक्झामर लिपिडच्या १२ टक्के.

पोलोक्झामर थंड पाण्यात भुरभुरवा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. गरम पाण्यात टाकलं की गुठळ्या धरतं. सकाळी हे द्रावण ४५ ते ५० अंशांवर आणा आणि मॅग्नेटिक स्टररवर फिरत असताना वितळलेलं पिवळं लिपिड थेंबथेंब सोडा. ज्या पिपेटने सोडता तिचं टोकही कोमट हवं, नाहीतर लिपिड टोकातच गोठतं आणि तुमचा १ ग्रॅम ०.८ होतो. पिपेट आधी आणि नंतर वजन करा, आत किती अडकलं ते कळेल. या टप्प्याला भांड्यात हळदीचं दूध फाटल्यासारखं दिसतं. काळजी करू नका.

मग प्रोब सोनिकेटर. अरुंद, उंच बीकर घ्या. प्रोबचं टोक द्रवाच्या पृष्ठभागाखाली साधारण १ सेंटिमीटर, काचेला कुठेही न टेकता. ४० टक्के अ‍ॅम्प्लिट्यूड, ५ सेकंद चालू, ५ सेकंद बंद, चालू वेळ एकूण ५ मिनिटं. हे आकडे आमच्या यंत्राचे आहेत, तुमच्या यंत्रावर दोन-दोन मिनिटांनी नमुना काढून पाहा. टोक फार वर आलं की फेस होतो. पोलोक्झामर फेसात निघून जातं आणि कण उघडे पडतात. फेस झालेली बॅच मी फेकायला लावते, मुलांना वाईट वाटलं तरी.

बीकर थंड पाण्याच्या भांड्यात ठेवा, पण बर्फात बुडवू नका. मोनोओलिनची जाळी साधारण १८ अंशांच्या खाली खऱ्या अर्थाने स्थिर नसते. बराच वेळ ती टिकून राहते आणि एखाद दिवशी अचानक स्फटिक धरते. म्हणूनच तयार बॅच फ्रिजमध्ये ठेवायची नाही. "थंड म्हणजे सुरक्षित" हा आपला नेहमीचा हिशेब इथे उलटतो. आम्ही व्हायल २० ते २५ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये अंधारात ठेवतो. वीज गेली तर म्हणून पेटीभोवती जाड टॉवेल गुंडाळलेला असतो. टॉवेलांच्या गावात तेवढी सोय आहे.

सोनिकेशननंतर व्हायलच्या तळाशी राखाडी रेघ दिसली तर ते प्रोबचं झिजलेलं टायटॅनियम आहे. ते हलक्या सेंट्रिफ्यूजने काढा. पण थांबा, त्या तळाशी पिवळं काही आहे का ते आधी बघा. त्याचं काम पुढे आहे.

ज्यांच्याकडे सोनिकेटर नाही त्यांच्यासाठी इथेनॉलची वाट आहे. पॅट्रिक स्पायसर यांनी २००१ मध्ये ही पद्धत मांडली. लिपिड इथेनॉलमध्ये विरघळवून पातळ करायचं आणि पोलोक्झामरच्या पाण्यात ढवळत सोडायचं. पाणी वाढताच इथेनॉल विरळ होतं आणि जाळी आपोआप जुळते. ऊर्जा फार कमी लागते. नंतर इथेनॉल नीट काढून टाकणं मात्र आलं, ते राहिलं तर जाळी फुगलेली किंवा ढासळलेली राहते.

पोलोक्झामर जास्त झालं की काय होतं

काही वर्षांपूर्वी आमच्याच प्रयोगशाळेत एक बॅच अशी सुंदर निघाली की सगळे खूश झाले. दूध नाही, निळसर झाक असलेला पारभासक द्रव, आकार ११० नॅनोमीटर, पीडीआय अगदी कमी. पोलोक्झामर लिपिडच्या २० टक्के होतं. आम्ही सहा महिने त्यावर काम केलं. मग क्ष-किरण विकिरणाचा निकाल आला आणि त्यात एकही टोकदार शिखर नव्हतं, नुसता पसरट उंचवटा. ते बहुतेक सगळे व्हेसिकल होते, लायपोसोमसारख्या पोकळ पिशव्या. पोलोक्झामरची लांब पाणीप्रिय टोकं थरात शिरून पाचरीला सपाट करत होती. त्या मुलीने शेवटच्या सत्रात अर्धा थिसिस नव्याने लिहिला. त्याची खंत मला आजही आहे, कारण जेल आधी बघायला तिला मी सांगितलं नव्हतं आणि निळसर झाक बघून मीही थांबले नव्हते.

तेव्हापासून नियम असा की लिपिडच्या ८, १०, १२ आणि १५ टक्के पोलोक्झामरच्या चार बिनऔषधाच्या बॅच आधी करायच्या. ८ टक्क्यांवर बहुधा गुठळ्या राहतात. वर जाऊ तशी व्हेसिकलची संख्या वाढते. निळसर पारभासकता दिसली तर संशय घ्या, दाट पांढरेपणा दिसला तर थोडी आशा बाळगा. हा पुरावा नव्हे, इशारा आहे.

औषध उष्णता सोसणारं असेल तर अजून एक उपाय आहे. तयार डिस्पर्शन (पाण्यात पसरलेले कण) ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर १५-२० मिनिटं ठेवलं की पुष्कळ व्हेसिकल एकमेकांत मिसळून क्युबिक कण होतात. आकार थोडा वाढतो, पण जाळी सुधारते. कर्क्युमिनवर हे करू नका.

टप्पा तिसरा: मोजणी

आकार मोजायला डिस्पर्शन गाळलेल्या पाण्यात शंभरपट पातळ करा, तीन वाचनं घ्या. १५० ते २५० नॅनोमीटर आणि पीडीआय ०.२ च्या खाली आलं तर समाधान माना. झीटा पोटेन्शियलबद्दल व्हायव्हात हमखास विचारतात की "तीसच्या वर का नाही?" इथे कण पोलोक्झामरच्या केसाळ आवरणाने एकमेकांपासून लांब राहतात, फक्त विद्युतभाराने नव्हे. उणे २० आलं तरी बॅच टिकू शकते. हे ठामपणे सांगा.

आता एन्ट्रॅपमेंट, म्हणजे घातलेल्यापैकी किती औषध कणांत अडकलं ते. इथे मी जरा वेळ घेणार आहे, कारण खोटे ९९ टक्के बहुतेक इथूनच येतात.

नेहमीची पद्धत अशी की अल्ट्राफिल्ट्रेशनच्या नळीत डिस्पर्शन घालायचं, सेंट्रिफ्यूज करायचं, खाली आलेल्या पाण्यात किती औषध आहे ते मोजायचं आणि ते एकूणातून वजा करायचं. पाण्यात चांगल्या विरघळणाऱ्या औषधासाठी हे ठीक आहे. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. कणात न गेलेलं कर्क्युमिन स्फटिक होऊन तरंगतं आणि स्फटिक त्या पडद्यातून खाली येत नाहीत. खाली पाणी स्वच्छ, वजाबाकी झाली, ९९.६ टक्के. खरं तर औषध कणांच्या बाहेर पडलेलं असतं, कणांशेजारीच.

म्हणून आधी १ ग्रॅम डिस्पर्शन हलक्या वेगाने सेंट्रिफ्यूज करा. कर्क्युमिनचे स्फटिक पाण्यापेक्षा जड, ते तळाला जातात. लिपिडचे कण पाण्यापेक्षा किंचित हलके, ते वर राहतात. तळाचा पिवळा ठिपका मिथेनॉलमध्ये विरघळवून मोजा. वरच्या डिस्पर्शनचं अल्ट्राफिल्ट्रेशन करा आणि खालचं पाणी मोजा. वरच्या भागाचा थोडा अंश मिथेनॉलमध्ये पूर्ण मोडून, त्यातलं औषध प्रत्यक्ष मोजा. तळाचं आणि वरच्या भागातलं, या दोन्हींची बेरीज तुम्ही घातलेल्या औषधाशी जुळली पाहिजे.

समजा १ ग्रॅम डिस्पर्शनमध्ये ०.२५ मिलिग्रॅम औषध होतं. तळाला ०.०६ मिळालं, पाण्यात ०.००१. तर कणांत ०.१८९, म्हणजे ७५.६ टक्के. हा आकडा ९९ इतका देखणा नाही, पण परीक्षकासमोर उभा राहतो. वरच्या भागातून प्रत्यक्ष मोजलेला आकडा ०.१८९ च्या आसपास नसेल तर औषध कुठेतरी गळतंय, बहुधा नळीच्या पडद्याला किंवा प्लॅस्टिकला चिकटतंय.

मोजणी मिथेनॉलमध्ये ४२५ नॅनोमीटरच्या जवळ करा, आणि ब्लँक म्हणून नुसतं मिथेनॉल न घेता बिनऔषधाचे क्युबोसोम तसेच मोडून घ्या. बाजारातलं "कर्क्युमिन" बहुधा तीन कर्क्युमिनॉइडचं मिश्रण असतं, स्टँडर्ड कोणतं वापरलं ते वहीत लिहून ठेवा.

टप्पा चौथा: औषध किती वेगाने सुटतं

पुष्कळ थिसिसमध्ये क्युबोसोमचं वर्णन "दीर्घकाळ औषध सोडणारे" असं असतं. जेलबाबत ते खरं आहे. जाळीचा मोठा गोळा असला की औषधाला बाहेर यायला लांबचा रस्ता असतो. दातांच्या हिरड्यांसाठीच्या एलिझोल जेलमध्ये मेट्रोनिडाझोलसोबत मोनोओलिएट आणि तिळाचं तेल असतं आणि ते हिरडीच्या खाचेत पाणी लागून द्रव-स्फटिक होतं. कॅम्युरस कंपनीचं ब्युव्हिडाल हे ब्युप्रेनॉर्फिनचं इंजेक्शन त्वचेखाली गेल्यावर असंच घट्ट होतं आणि आठवडाभर किंवा महिनाभर औषध देतं. त्याला युरोपात २०१८ मध्ये मान्यता मिळाली. पण त्याच जाळीचा २०० नॅनोमीटरचा कण केला की रस्ता आखूड आणि पृष्ठभाग अफाट. ऑस्ट्रेलियातले बेन बॉइड यांनी २००३ मध्ये दाबाखालच्या अल्ट्राफिल्ट्रेशनने मोजून दाखवलं की कणांतून औषध झटकन सुटतं. डायलिसिसच्या पिशवीत (कण आत ठेवणारी, सुटलेलं औषध बाहेर जाऊ देणारी पडद्याची पिशवी) आपल्याला दिसणारा मंद वेग बऱ्याचदा पिशवीचा असतो, कणांचा नसतो.

म्हणून कणांच्या पिशवीशेजारी त्याच औषधाच्या नुसत्या द्रावणाची पिशवी लावायलाच हवी. दोन्ही रेषा एकमेकींवर बसल्या तर तुम्ही पिशवी मोजताय. मग क्युबोसोमचा फायदा दुसरीकडे शोधा: न विरघळणारं औषध पाण्यात धरून ठेवणं, त्वचेला चिकटणं, त्वचेत शिरायला मदत करणं. हे फायदे खरे आहेत आणि पुरेसे आहेत.

कर्क्युमिनचा त्रास म्हणाले होते तो इथे. पीएच ७.२ च्या फॉस्फेट बफरमध्ये ३७ अंशांवर अर्ध्या तासात त्यातलं सुमारे ९० टक्के मोडून जातं. पीएच ७.४ वर २४ तासांचा प्रयोग लावला तर सुटलेलं औषध मोजायच्या आधीच नाहीसं झालेलं असतं. त्वचेसाठी काम असेल तर पीएच ५.५, १ टक्का ट्वीन ८० (सुटलेलं औषध पाण्यात विरघळत ठेवणारं साबणासारखं द्रव्य) आणि ३२ अंश घ्या. ट्वीनही हळूहळू पिशवीत शिरून कणांना धक्का लावू शकतं, त्यामुळे प्रयोगाच्या शेवटी पिशवीतल्या कणांचा आकार पुन्हा मोजा.

आणि सोलापूरची खास अडचण. ३२ अंशांचं वॉटर बाथ तापवू शकतं, थंड करू शकत नाही. एप्रिल-मेमध्ये खोलीच ३८ अंशांवर असते आणि बाथ मुकाट्याने ३८ दाखवत बसतं. एसीची खोली किंवा कूलिंगचं बाथ नसेल तर हा प्रयोग दिवाळी ते महाशिवरात्रीच्या दरम्यान उरकायचा.

टप्पा पाचवा: क्युबिक आहे का, याचं उत्तर

छोट्या कोनातलं क्ष-किरण विकिरण, म्हणजे सॅक्स, हा खरा पुरावा. यंत्र मोजक्याच ठिकाणी आहे. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातल्या इंडस-२ वर अशी सोय आहे, काही मोठ्या संस्थांतही प्रयोगशाळेतलं यंत्र असतं. अर्ज लवकर करा, पाळी यायला वेळ लागतो.

निकालाचा आलेख बघून घाबरायचं कारण नाही. आडव्या अक्षावर क्यू असतो, म्हणजे किरण किती वळले त्याचं माप. पहिल्या दोन शिखरांच्या क्यूचा भागाकार करा. डायमंड जाळीत तो १.२२ येतो, कारण √३ भागिले √२. प्रिमिटिव्ह आणि गायरॉइड हे क्युबिक जाळीचेच दुसरे दोन प्रकार: प्रिमिटिव्हमध्ये १.४१, गायरॉइडमध्ये १.१५. हेक्सागोनलमध्ये १.७३. सपाट थरांमध्ये २. उदाहरणार्थ शिखरं ०.८९, १.०९ आणि १.२६ प्रति नॅनोमीटरवर असतील तर १.०९ भागिले ०.८९ म्हणजे १.२२. आता तिसऱ्याने खात्री करा: १.२६ भागिले ०.८९ म्हणजे १.४२, तेही √४ भागिले √२, म्हणजे १.४१, शी जुळतं. जाळी डायमंड. परत येण्याचं अंतर काढायला ६.२८ ला ०.८९ ने भागा, ७.०६ आले, त्याला √२ ने गुणा, १० नॅनोमीटर. नुसत्या दोन शिखरांवर विसंबू नका, तिसरं हवंच.

मोनोओलिनच्या जेलमध्ये डायमंड दिसलं आणि कणांत प्रिमिटिव्ह दिसलं तर ती चूक नाही, पोलोक्झामर पुष्कळदा तसं करतं. फायटँट्रिऑलमध्ये सहसा डायमंडच राहतं. साध्या टेमचं (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं) चित्र जोडायला हरकत नाही, पण त्यात नमुना वाळवलेला असतो आणि वाळवलं की जाळी तीच राहत नाही. क्रायो-टेम, म्हणजे नमुना न वाळवता झटकन गोठवून पाहणं, जमलं तर उत्तम.

नमुना पुण्याला किंवा पुढे पाठवायचा असेल तर आम्ही कुरिअर करत नाही, हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी कुणीतरी स्वतः जातं. रुंद तोंडाचा थर्मास, आत २५ अंशांचं पाणी, त्यात झाकणबंद व्हायल, आणि एक छोटा थर्मामीटर. पोहोचल्यावर तापमान वहीत लिहायचं. फायटँट्रिऑलचा नमुना वाटेत ५० अंशांपर्यंत तापला असेल तर जाळी मधे हेक्सागोनल होऊन परत आलेली असू शकते, कणांचा आकारही बदललेला असू शकतो, आणि आलेख वाचताना हे माहीत असायला हवं.

स्थिरतेसाठी ३० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेच्या कपाटात ठेवा, शिवाय २५ अंशांवर एक संच. ० व्या, ७ व्या, ३० व्या आणि ९० व्या दिवशी आकार, तळाचा पिवळा ठिपका, पीएच आणि वास. पीएच खाली येत गेला तर मोनोओलिनचा एस्टर तुटून ओलिइक आम्ल सुटतंय, आणि ते आम्ल जाळीला हळूहळू हेक्सागोनलकडे ढकलतं. म्हणून ९० व्या दिवशी सॅक्ससाठी एक व्हायल राखून ठेवा. तिच्यावर बॅच क्रमांक, तारीख आणि लिपिडच्या बाटलीचा लॉट क्रमांक पेन्सिलने लिहा. मार्करची शाई इथेनॉलच्या एका थेंबाने पुसली जाते.